दुबईचं कन्सोल, अमेरिकेची डिस्क, कोल्हापूरचं घर: गेमच्या 'रीजन'चा मेळ कसा घालायचा

मामा दुबईहून पीएस५ (प्लेस्टेशन ५ हे गेम खेळायचं मशीन, म्हणजे कन्सोल) घेऊन येतो, अमेरिकेतली ताई दोन डिस्क पाठवते आणि खातं इथं कोल्हापुरात काढलं जातं. कन्सोल सुरू होतं, डिस्कही चालते. मग एक दिवस त्याच गेमची जादा भर, म्हणजे डीएलसी, विकत घेतली जाते आणि गाडी अडते. पैसे गेले, डाऊनलोड झालं, पण गेममध्ये काहीच दिसत नाही. मशीन बिघडलेलं नसतं. डिस्क एका देशाची आणि डीएलसी दुसऱ्या देशाच्या दुकानातली, एवढंच झालेलं असतं.

'रीजन' हा एकच शब्द आपण निरनिराळ्या गोष्टींना वापरतो: वीज, टीव्हीचं चित्र, डिस्क, खातं, पैसे, सर्व्हर आणि कायदा. प्रत्येकाचं कुलूप वेगळं आणि किल्लीही वेगळी. यातलं बरंचसं नंतर दुरुस्त करता येतं. केबल बदलते, डिस्क विकता येते, राऊटरचं सेटिंग बदलतं. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश मात्र एकदा निवडला की कायमचा. त्यामुळे खोका फोडल्यावर पहिला अर्धा तास खात्यावर घालवा, गेम नंतर.

आधी वीज

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, तेही पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. दुबईचा व्होल्टेज आपल्यासारखाच, फक्त प्लग तीन चौकोनी पिनांचा.

कन्सोल किंवा त्याचा अ‍ॅडाप्टर उलटा करा आणि लेबलवरची 'इनपुट'ची ओळ वाचा. तिथे १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त केबल बदलायची. मूळ निन्टेंडो स्विचच्या अ‍ॅडाप्टरवर हेच लिहिलेलं असतं. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सला मागच्या बाजूला इंग्रजी आठच्या आकाराचं दोन छिद्रांचं सॉकेट असतं. जुन्या टेपरेकॉर्डरला लागायची तीच ही वायर. शाहूपुरी-लक्ष्मीपुरी भागातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात भारतीय गोल पिनांची, आयएसआय शिक्क्याची वायर मागा. परदेशी वायरला कन्व्हर्जन प्लग लावून वर्षानुवर्षं चालवू नका. चपट्या पिना त्यात सैल बसतात, ठिणगी पडते, प्लग काळा पडतो आणि खेळता खेळता कन्सोल बंद होतं. डेटा लिहिला जात असताना असं झालं तर सेव्ह फाईल खराब होऊ शकते.

लेबलवर १००–१२७ किंवा नुसतं १०० व्होल्ट असेल तर थांबा. अमेरिकेतल्या एक्सबॉक्स ३६०चा विटेएवढा अ‍ॅडाप्टर आणि जपानी सुपर फॅमिकॉमसारख्या जुन्या मशीनचे अ‍ॅडाप्टर असेच असतात. आपल्या सॉकेटमध्ये घातले की जळतात. त्यांना २३०चे ११० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. लेबलवर १७५ वॉट असेल तर ट्रान्सफॉर्मर ३०० वॉटच्या पुढचा घ्या. नेमका तेवढाच घेतला तर तो तापत राहतो. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही, पण एक्सबॉक्स ३६०च्या अ‍ॅडाप्टरसारख्या स्विचिंग सप्लायला त्याचा फरक पडत नाही. खरं तर भारतात मिळणारा २३० व्होल्टचा अ‍ॅडाप्टर घेणं त्याहून स्वस्त आणि सुटसुटीत.

टीव्हीचा प्रश्न फक्त जुन्या मशीनला

एचडीएमआय असलेल्या आजच्या कन्सोलला टीव्हीचा देश लागत नाही. हा विषय पीएस२ आणि त्याआधीच्या मशीनचा. भारत आणि युरोपचा बराच भाग पाल पद्धतीवर होता: ६२५ रेषा, ५० हर्ट्झ. अमेरिका-जपान एनटीएससीवर: ५२५ रेषा, ६० हर्ट्झ. एनटीएससी मशीन जुन्या पाल टीव्हीला लावलं की चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली सरकत राहतं. हल्लीच्या एलसीडी टीव्हीत दोन्ही पद्धती बहुधा असतात, तेव्हा मेनूमध्ये 'कलर सिस्टिम' ऑटोवर ठेवून बघा. त्या काळातल्या कित्येक गेमची पाल आवृत्ती नीट जुळवूनच घेतलेली नव्हती. ६०च्या जागी ५० चौकटी दाखवल्या जात, म्हणजे गेम सुमारे १७ टक्के हळू पळायचा आणि वर-खाली काळ्या पट्ट्या दिसायच्या. लहानपणी खेळलेला एखादा गेम पुढे इम्युलेटरवर (कॉम्प्युटरला जुन्या मशीनची नक्कल करायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वेगवान वाटतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

घराघरात असलेली ती पिवळी, शेकडो गेमचा दावा करणारी कार्ट्रिज निन्टेंडोच्या जुन्या जपानी मशीनच्या, म्हणजे फॅमिकॉमच्या घाटाची, ६० पिनांची असतात. त्याच मशीनच्या अमेरिकी रूपाचं, एनईएसचं कार्ट्रिज ७२ पिनांचं. दोघांमध्ये अ‍ॅडाप्टर लागतो. खऱ्या एनईएसमध्ये तर देश तपासणारी वेगळी चिपही आहे, त्यामुळे नुसता आकार जुळवून भागत नाही.

डिस्क आणि कार्ट्रिज: पाठीवरचा नंबर वाचायला शिका

पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स वन, एक्सबॉक्स सिरीज आणि निन्टेंडो स्विच यांच्या बाबतीत सरसकट नियम असा की गेम कुठल्याही देशातला असो, कुठल्याही देशातल्या मशीनवर चालतो. अपवाद म्हणजे चीनमध्ये टेन्सेंट या चिनी कंपनीमार्फत विकलेलं स्विच. त्याची कार्ट्रिज बाहेरच्या मशीनवर चालत नाहीत. निन्टेंडो ३डीएस, वी आणि वी-यू मात्र कुलूपबंद. जपानी ३डीएसला जपानीच कार्ट्रिज लागतं, तेव्हा जुन्या बाजारात स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. एक्सबॉक्स ३६०चं कुलूप प्रकाशकाच्या मर्जीवर होतं, काही डिस्क चालतात, काही नाही.

पण 'चालते' म्हणजे 'सगळं जुळतं' असं नाही. डिस्कच्या डब्याची पाठ हातात घ्या. पीएस४च्या डिस्कवर सीयूएसए आणि पीएस५च्या डिस्कवर पीपीएसए अशी चार अक्षरं आणि पुढे पाच आकडे असतात. एकाच गेमच्या अमेरिकी, युरोपीय आणि आशियाई डिस्कचे हे आकडे सहसा वेगळे असतात. आता ब्राऊझरमध्ये तुमच्या खात्याच्या देशाचं प्लेस्टेशन स्टोअर उघडा आणि त्याच गेमचं पान काढा. पत्त्याच्या पट्टीत गेमची ओळख दिसते: सुरुवातीला यूपी म्हणजे अमेरिका, ईपी म्हणजे युरोपचा गट, जेपी म्हणजे जपान, एचपी म्हणजे आशियाचा गट, आणि त्यापुढे तोच सीयूएसए किंवा पीपीएसए नंबर. डब्यावरचा नंबर आणि पट्टीतला नंबर अंकाअंकाने जुळला तर डीएलसी बिनधास्त घ्या. एक अंक जरी वेगळा असला तरी घेऊ नका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि डाऊनलोड सुरू झालेल्या खरेदीचे पैसे परत मिळवण्याच्या खटपटीपेक्षा कितीतरी सोपं.

डब्यावर कोड पुसट असेल तर वयाच्या शिक्क्यावरून अंदाज येतो. ई, टी, एम ही इंग्रजी अक्षरं काळ्या चौकटीत असली तर अमेरिकेचं ईएसआरबी. ३, ७, १२, १६, १८ हे आकडे आणि 'पेगी' असं नाव असेल तर युरोप. ए, बी, सी, डी, झेड अशी अक्षरं आणि 'सेरो' म्हणजे जपान. तिरक्या चौकोनात आकडा असेल तर जर्मनीचं यूएसके. जर्मनीतून आणलेली जुनी डिस्क घेताना मागच्या बाजूला भाषेची ओळ वाचाच, काहींमध्ये इंग्रजी नसते आणि काही दृश्यं छाटलेली असतात. नाझी चिन्हं असलेल्या गेमना तिथे ऑगस्ट २०१८पर्यंत वयाचा शिक्काच मिळत नव्हता, म्हणून चिन्हं बदलून वेगळी आवृत्ती काढली जायची. जपानमध्येही एकच भयपट धाटणीचा गेम डी आणि झेड अशा दोन शिक्क्यांनी येतो, झेडमध्ये रक्तपात जास्त.

एक वेगळीच गोष्ट यात मिसळली जाते: सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कचं रीजन. अमेरिका-जपान ए, युरोप आणि आखात बी, भारत सी. अमेरिकेतून आणलेलं पीएस५ भारतीय ब्लू-रे सिनेमा नाकारू शकतं. गेमशी याचा काही संबंध नाही. ४के यूएचडी डिस्कला तर रीजनच नसतं.

खातं: इथे चुकू नका

प्लेस्टेशन. नवीन खातं काढताना देश विचारला जातो. मशीन दुबईचं असलं तरी तुम्ही राहता कोल्हापुरात, तर भारत निवडा. मशीन कुठलं आहे याचा खात्याशी संबंध नाही. घाईत पटापट 'नेक्स्ट' दाबताना आधीचाच देश राहून गेला असं बऱ्याचदा होतं. नंतर तो बदलत नाही. नवीन खातं काढावं लागतं आणि जुन्यातल्या ट्रॉफी, खरेदी, क्लाऊडवरचे सेव्ह तिथेच राहतात. चूक पहिल्या आठवड्यात लक्षात आली तर लगेच नवीन काढा, दोन वर्षांनी काळीज तुटतं.

मग अमेरिकेच्या डिस्कचं काय? त्यासाठी दुसरं, अमेरिकेचं खातं वेगळ्या ईमेलवर काढून त्याच मशीनवर ठेवता येतं. त्या खात्यात अमेरिकेचं गिफ्ट कार्ड भरा, डीएलसी घ्या. मग त्याच खात्यातून सेटिंग्ज, युजर्स अँड अकाऊंट्स, अदर, कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाईन प्ले इथे जाऊन ते चालू करा. आता मशीनवरच्या सगळ्या खात्यांना ती डीएलसी मिळते, तुम्ही आपल्या भारतीय खात्यातूनच खेळायचं. एक खातं एका वेळी एकाच पीएस५वर हे चालू ठेवू शकतं, म्हणून मित्राच्या घरी चालू करून विसरू नका. आणि गेममधली नाणी, पॉइंट, कुठलंही खर्चून संपणारं चलन असं वाटलं जात नाही. ते ज्या खात्याने घेतलं त्याचंच राहतं. फुटबॉलच्या गेमचे पॉइंट अमेरिकी खात्यात घेऊन भारतीय खात्यात शोधत बसण्याचा प्रकार यातूनच होतो.

निन्टेंडो. भारतासाठी ईशॉप, म्हणजे निन्टेंडोचं ऑनलाईन दुकान, नाही, तेव्हा खातं कुठल्या ना कुठल्या परदेशी दुकानाचं धरावंच लागतं. दिलासा असा की निन्टेंडो खात्याचा देश नंतर बदलता येतो. बदलण्याआधी खात्याच्या पाकिटात (वॉलेटमध्ये) भरलेले पैसे संपवा आणि प्री-ऑर्डर बाकी ठेवू नका. अमेरिकेचं खातं आणि अमेरिकेचं गिफ्ट कार्ड ही जोडी कमी कटकटीची. जपानच्या ईशॉपने २५ मार्च २०२५पासून जपानबाहेरची क्रेडिट कार्डं आणि पेपाल घेणं बंद केलं आहे. स्विच २ घेताना तर डोळ्यांत तेल घाला: जपानमध्ये २०२५ला ४९,९८० येनला आलेलं स्वस्त मशीन फक्त जपानी भाषेचं आहे आणि त्यावर जपानचीच खाती जोडता येतात. सगळ्या भाषांचं मशीन तेव्हा ६९,९८० येनचं होतं. जपानहून येणाऱ्या माणसाने स्वस्त म्हणून पहिलं उचललं तर इथे आल्यावर इलाज नाही.

एक्सबॉक्स. इथला कारभार सर्वात मोकळा. मायक्रोसॉफ्ट खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदा बदलता येतो आणि मशीनचा देश सेटिंग्ज, सिस्टिम, लँग्वेज अँड लोकेशनमध्ये. खात्यात शिल्लक असेल तर ती नव्या देशात येत नाही.

स्टीम (कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाईन दुकान). देश ठरतो तो पैसे भरण्याच्या साधनावरून. भारतीय कार्ड किंवा यूपीआयने खरेदी केली की दुकान भारताचं. परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेल्यावर तिथल्या कार्डाने पहिली खरेदी करताना देश बदलतो, आणि पुढचे तीन महिने परत बदलत नाही. घेतलेले गेम तसेच राहतात.

पैसे आणि स्वस्ताईचा मोह

कार्ड नाकारलं गेलं की दोष दुकानाचा वाटतो. आधी बँकेचं अ‍ॅप उघडा. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नवीन कार्डावर ऑनलाईन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात, ते तुम्हाला चालू करावे लागतात. रुपयात किंमत दिसली तरी व्यवहार परदेशी कंपनीकडे जात असेल तर हे बटण लागतं. डॉलरमध्ये घेतलंत तर बँक वर साधारण २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी लावते, गिफ्ट कार्डाशी तुलना करताना तेही धरा.

दर महिन्याची वर्गणी आपोआप कापली जात नाही, याचंही कारण इथलंच. १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून आपोआप कपातीसाठी आधी नोंदणी लागते, आणि २०२२पासून १५,००० रुपयांपुढच्या प्रत्येक कपातीला ओटीपी. परदेशी दुकानाने ती सोय केलेली नसेल तर वर्गणी मध्येच तुटते. वर्षभराची एकदम घ्या किंवा भारताच्या गिफ्ट कार्डाने पाकीट भरून ठेवा. प्लेस्टेशन, निन्टेंडो, एक्सबॉक्स या तिन्ही ठिकाणी कार्डाचा देश आणि खात्याचा देश एकच असावा लागतो. नंबर खरवडला की दुकानदार परत घेत नाही. म्हणून खरवडण्याआधी कार्डावरचं चलन वाचा.

आता व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं इंटरनेटला भासवणारी सोय) लावून दुसऱ्या देशाच्या दुकानातून स्वस्तात घेणं. पूर्वी लोक स्टीमवर अर्जेंटिना आणि तुर्कस्तान दाखवून घ्यायचे. २० नोव्हेंबर २०२३ला स्टीमने त्या दोन्ही देशांची चलनं काढून डॉलर लावले. खोटा देश दाखवणं नियमाविरुद्ध आहे आणि खातं गोठवलं जाऊ शकतं. त्यात तुमचे सगळे गेम अडकतात. दोन-चारशे रुपयांसाठी एवढी जोखीम घेऊ नये, आणि भारताचे भाव मुळात अमेरिकेपेक्षा बऱ्याच गेमना कमी असतात. मित्राला स्टीमवरून गेम भेट देतानाही भाव आडवा येतो. पाठवणाऱ्याच्या देशात किंमत खूपच कमी असली की भेट पाठवताच येत नाही. ताईने अमेरिकेतून भेट पाठवणं सहसा जमतं, तुम्ही इथून तिला पाठवणं अडतं. बाहेरच्या साईटवरून गेमची 'की', म्हणजे तो सुरू करायचा कोड, घेत असाल तर 'कुठल्या देशात सुरू होते' ही ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सर्व्हर: अंतर कुणाला चुकत नाही

ऑनलाईन गेममध्ये देशाचा खरा अर्थ किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. या जाऊन-येऊनच्या वेळेलाच 'पिंग' म्हणतात. कोल्हापूर ते मुंबई रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे ४ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे ३९. फ्रँकफर्ट साडेसहा हजारांच्या आसपास, म्हणजे ६५. अमेरिकेचा पूर्व किनारा साडेबारा हजार, म्हणजे १२५. ही निसर्गाची किमान मर्यादा. प्रत्यक्षात तारा सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत यंत्रं असतात, म्हणून आकडा दीडपट-दुपटीपर्यंत, जवळच्या अंतराला त्याहूनही जास्त जातो. कुठलंही 'पिंग कमी करणारं' अ‍ॅप या मर्यादेखाली नेऊ शकत नाही. ते फार तर वाकडी वाट सरळ करतं.

मोजण्याची पद्धत: कॉम्प्युटर लॅनच्या केबलने जोडा, वायफायवर मोजू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंगची आज्ञा किमान ५० वेळा चालवा. एकदा सकाळी सातला आणि एकदा रात्री दहाला. सरासरीपेक्षा सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या आकड्यातला फरक बघा. सतत ४५ असेल तर खेळता येतं, २० ते १४० उड्या मारत असेल तर नाही. सकाळी चांगलं आणि रात्री वाईट असेल तर ऑपरेटरची लाईन गर्दीत भरते आहे. दोन्ही वेळा सारखंच वाईट असेल तर वाटेतले टप्पे दाखवणारी 'ट्रेसर्ट' ही आज्ञा चालवा आणि कितव्या टप्प्यावर आकडा एकदम उडी घेतो ते पाहा. मुंबईतल्या सर्व्हरला जाताना मध्येच ५०-६० मिलिसेकंदांची उडी दिसली तर डेटा दूरच्या शहरातून, कधी देशाबाहेरून फिरून येतोय अशी दाट शंका घ्या. त्या पडद्याचा फोटो काढून केबलवाल्याला दाखवा आणि 'राऊटिंग तपासा' असं नेमकं सांगा. 'नेट स्लो आहे' म्हटलं की तो स्पीड टेस्ट दाखवून मोकळा होतो.

व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, काऊंटर-स्ट्राईक २चे मुंबई आणि चेन्नईत. काऊंटर-स्ट्राईकमध्ये 'मॅक्स अ‍ॅक्सेप्टेबल मॅचमेकिंग पिंग' ८०वर ठेवा, म्हणजे लांबचा सामना पदरात पडत नाही. सामना मिळायला वेळ लागत असेल तरच वाढवा. व्हॅलोरंटमध्ये लॉबीतून मुंबई निवडता येते, पण खातं परदेशात असताना काढलं असेल तर ते तिकडच्या गटात अडकतं आणि मुंबई यादीतच दिसत नाही. तेव्हा व्हॅलोरंटच्या कंपनीच्या, म्हणजे रायटच्या, खात्याच्या पानावरून देश बदलण्याची मागणी करावी लागते. गेनशिन इम्पॅक्टमध्ये सुरुवातीलाच अमेरिका, युरोप, आशिया, तैवान-हाँगकाँग-मकाव असे चार सर्व्हर विचारतात. आपल्याला आशिया. एका सर्व्हरवरची प्रगती दुसऱ्यावर जात नाही. दुबईतल्या भावाबरोबर खेळायचं असेल तर पहिल्याच दिवशी दोघांनी एकच सर्व्हर ठरवा.

युरोपचा पिंग एखाद्या दिवशी अचानक शंभरने वाढला तर घरातलं काही उपसू नका. आपल्या पश्चिमेच्या बऱ्याच तारा तांबड्या समुद्रातून जातात. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ तारा तुटल्या तेव्हा असंच झालं. सिंगापूरची वाट वेगळी, ती अशा वेळी शाबूत असते.

घरातला राऊटर

मित्राशी बोलणं ऐकू येत नाही, सामना जुळत नाही, पण यूट्यूब मस्त चालतं. हे लक्षण नॅटचं, म्हणजे घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या एकाच पत्त्यामागे (आयपीमागे) ठेवणाऱ्या राऊटरच्या व्यवस्थेचं. पीएस५वर सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस, टेस्ट इंटरनेट कनेक्शन चालवा. नॅट टाईप २ आला तर ठीक, ३ आला तर पुढचं करा. केबलवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्यामागे तुम्ही आपला दुसरा राऊटर लावला असेल तर दोघेही राऊटरचं काम करत असतात. आपला राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल, आणि फायबरच्या डब्यात यूपीएनपी (कन्सोलला लागणारी वाट आपोआप उघडणारी सोय) चालू करा. तरीही ३च राहिला तर राऊटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे ऑपरेटरने दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर ऑपरेटरने अनेक घरांना मिळून एकच आयपी दिला आहे, त्याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या हातात काही नाही, ऑपरेटरकडे पब्लिक आयपी मागा. बरेच जण थोडे पैसे घेऊन देतात.

आणि एक बारकावा, ज्यात लोक दिवसच्या दिवस घालवतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झ वायफायला १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेतल्या मशीनना सहसा ११पर्यंतच माहीत असतात. राऊटर ऑटोवर असून १२-१३वर गेला की अमेरिकेहून आणलेल्या कन्सोलला तुमचं वायफाय यादीत दिसतच नाही, आणि शेजारच्याचं दिसतं. राऊटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११वर पक्का करा.

कायद्याची सीमा

पबजी मोबाईल २ सप्टेंबर २०२०ला ११७ इतर अ‍ॅपबरोबर बंद झाला. त्याची भारतासाठीची आवृत्ती, बीजीएमआय, जुलै २०२१मध्ये आली, जुलै २०२२मध्ये स्टोअरमधून निघाली आणि मे २०२३मध्ये परत आली. फ्री फायर फेब्रुवारी २०२२मध्ये बंद झाला, फ्री फायर मॅक्स राहिला. पबजीची कोरियाची किंवा जागतिक आवृत्ती एपीकेने (स्टोअरबाहेरून मिळवलेल्या फाईलने) टाकून व्हीपीएनवर खेळण्याचे सल्ले अजून फिरतात. तसं करू नका. अनोळखी ठिकाणची एपीके म्हणजे फोनमधल्या बँकेच्या अ‍ॅपला धोका, आणि बीजीएमआयची प्रगती तिकडे जोडली जात नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाईन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाईन खेळ त्याने बंद केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. विकत घेतलेला गेम, वर्गणी, डीएलसी यांना त्याने हात लावलेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं तर हा फरक सांगा.

एखादा गेम एखाद्या देशात मुळात उपलब्धच नसणं हेही होतं. मे २०२४मध्ये हेलडायव्हर्स २ला प्लेस्टेशन खातं जोडणं सक्तीचं करण्याची घोषणा झाली आणि जिथे असं खातंच काढता येत नाही अशा १७७ देश-प्रदेशांत तो स्टीमवरून विक्रीतून काढला गेला. सक्ती काही दिवसांत मागे घेतली. भारत त्या यादीत नव्हता, नेपाळचे खेळाडू मात्र त्यात सापडले.

पाहुण्यांना पाठवायचा मेसेज

परदेशातून कुणी काही आणणार असेल तर विकत घेण्याआधी त्यांच्याकडून तीन फोटो मागा: मशीनच्या खालच्या लेबलचा, व्होल्टेज वाचता येईल असा. खोक्यावरच्या भाषेच्या ओळीचा. आणि डिस्कच्या डब्याच्या पाठीचा, नंबरासकट. बिल जपून ठेवायला सांगा, कारण कन्सोलची वॉरंटी सहसा घेतलेल्या देशातच चालते आणि दुरुस्तीसाठी मशीन परत तिकडेच पाठवावं लागतं. गिफ्ट कार्ड आणणार असतील तर कुठल्या देशाचं ते तुम्ही लिहून द्या, त्यांच्या अंदाजावर सोडू नका.